घडीच्या टेबलावरचे चिमटे

या, बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे. या बाकावर बसा, ऐसपैस. एक गोष्ट सांगतो. राजाराणीची नाही की भुताखेताची नाही, फाटक्या चादरींची आहे. हसू नका. त्या चादरींपायी एका बाईची घरी आणि कामावर, दोन्हीकडे झोप उडाली होती. आणि गोष्ट संपली की तुमच्याकडे माझं एक छोटंसं काम आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. मग म्हणू नका, गोड बोलून बसवलं.

तर एक धुलाईचा कारखाना होता. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे मळक्या यायच्या आणि पांढऱ्याशुभ्र होऊन जायच्या. आत शिरलं की आधी साबणाचा वास, मग वाफ, मग मशीनचा दणदणाट. चादर आधी धुलाईच्या मशीनमध्ये जायची, तिथून पिळायच्या मशीनमध्ये, तिथून ढकलगाडीत पडून गरम रुळांकडे. रुळांपाशी दोघी जणी उभ्या. त्या नुसती कड धरून रुळांच्या तोंडाशी लावायच्या, की रूळ गपकन चादर आत ओढायचे आणि पलीकडून कोरडी, कडक बाहेर टाकायचे. मग घडीचं टेबल, मग गठ्ठा, मग गाडी. एवढाच चादरीचा प्रवास.

या सगळ्यावर एक मुकादमबाई होती. पक्की कामाची. कारखान्यात जन्म गेलेला, नाकावर माशी बसू द्यायची नाही. मशीनला कान लावून सांगायची, "याचा पट्टा आज तुटणार." निम्म्या वेळेला खरंच तुटायचा, आणि मग आठवडाभर कारखान्यात तीच चर्चा. उरलेल्या निम्म्या वेळेला तुटायचा नाही, पण ते कोण लक्षात ठेवतंय? तीसुद्धा ठेवायची नाही.

घडीच्या टेबलावर तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, एकटी, भावाच्याच घरात राहणारी. आता यातली गंमत बघा. घरी नणंद थोरली, म्हणून मुकादमबाई तिला 'वन्सं' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि नणंद तिला 'ए वहिनी' अशी हाक मारून पाणी मागायची. कारखान्याचं फाटक ओलांडलं की सगळं उलटं. नणंद "होय बाई, आपण म्हणाल तसं बाई" असं इतक्या अदबीनं बोलायची, की त्यापेक्षा शिवी बरी.

पण एक होतं. नणंद भावाच्या घरात राहायची, भावाचं खायची नाही. पगार झाला की आपला वाटा भावजयीच्या हातात ठेवायची आणि मगच जेवायला बसायची. तिची मान ताठ होती ती त्या घडीच्या टेबलामुळे.

आणि पिळायच्या मशीनवर होता भोपू. खरं नाव त्याच्या आईला माहीत असेल. आयुष्यभर मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून गड्याचा आवाज असा झाला होता, की तो कानात बोलला तरी चार घरं ऐकायची.

तर झालं काय, एका मोठ्या हॉटेलानं तक्रार केली. चादरी फाटून येतात. एखादी असती तर चाललं असतं, पण गठ्ठ्यागणिक एकदोन. मालक तणतणत आला. त्याच्यामागे त्याची सून. तिला सगळे धाकटी मालकीण म्हणायचे. शिकलेली, आवाज मऊ, पण प्रश्न विचारायची तो नेमका दुखऱ्या जागी.

मालक म्हणाला, "बाई, कोण फाडतंय ते महिनाअखेर मला सांगा. त्याला घरी पाठवतो."

"महिनाअखेर कशाला? आत्ता सांगते," मुकादमबाई म्हणाली. "भोपू."

"कशावरून?" धाकट्या मालकीणबाईंनी विचारलं.

"कशावरून म्हणजे? माहीत आहे मला. चादरींशी त्याचं काही जुनं भांडण असल्यासारखा ओढतो."

"ऐकतोय मी!" भोपू पलीकडून गरजला.

"ऐकावंस म्हणूनच बोलले."

धाकटी मालकीण म्हणाली, "बाई, तुमचं बरोबरही असेल. पण एक महिना मोजून बघू या का?" आणि तिनं पिशवीतून कपडे वाळत घालायचे लाल चिमटे काढले, ढीगभर. प्रत्येकाच्या जागी एक दोरी बांधायची. फाटकी चादर दिसली, की ज्याच्या जागी दिसली त्याच्या दोरीवर एक चिमटा लावायचा. भांडायचं नाही, विचारायचं नाही, नुसता चिमटा. "याला डेटा म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" भोपू.

"म्हणजे ओरडायच्या आधी मोजायचं."

"मग ओरडण्यात मजा काय राहिली?"

सगळे हसले. मुकादमबाई नाही हसली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "चालेल. ज्याच्या दोरीवर चिमटे जास्त, तो घरी. मग तो कुणी का असेना." बोलताना तिचा डोळा भोपूवर होता. तिला वाटलं, चला, आपलंच म्हणणं आता दोरीवर लटकून दिसेल.

सवय काय अशी लगेच लागते? पहिल्या दिवसांत कुणाला आठवणच राहायची नाही. रूळवालीनं एक चिमटा केसांना लावला, भोपूनं डब्याच्या पिशवीला. कुणी म्हणे हात ओले आहेत, कुणी म्हणे नंतर लावते, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. शेवटी मुकादमबाईनं चहाच्या सुट्टीत एक रीत पाडली. कप हातात घेऊन ती एकेका दोरीपुढे उभी राहायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची, कुणाकडे किती. नाटकाच्या स्पर्धेचा निकाल लावावा तसं. मग लोकांना चेव आला. चिमटे लागायला लागले.

आणि लागले ते नणंदेच्या दोरीवर.

पहिल्या आठवड्यात मुकादमबाईनं त्याला योगायोग म्हटलं. दुसऱ्यात ती दोरीपुढे जरा भरभर चालायला लागली. भोपूच्या दोरीवर एखादा चुकार चिमटा, रुळांच्या दोरीवर दोनतीन, आणि घडीच्या टेबलाची दोरी चिमट्यांच्या वजनानं मधोमध वाकलेली.

"बाई, जरा मोठ्यानं वाचा," भोपू म्हणायचा. "मशीनच्या आवाजात टेबलाचं काही ऐकू येत नाही."

घरी जेवताना नवऱ्याची मान ताटात. तो कारखान्याची गाडी चालवायचा, आणि बायको-बहिणीच्या मध्ये बोलायचं नाही एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर लगेच आलं होतं. नणंदेनं ताट पुढे ओढलं.

"ए वहिनी, महिनाअखेर मी घरी बसणार म्हणे."

"वन्सं, मी काय करू? सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"दे की. शब्द तुझा, टेबल माझं."

"पण तुम्ही सांगा ना मला, हात कुठे अडकतोय? बांगडी लागते का? टेबलाची कड?"

नणंदेनं घास खाली ठेवला. "मी चादर फाडत नाही. मी चादर उघडते. ती फाटलेली असते." आणि उठून हात धुतले. ताटात अन्न तसंच राहिलं. त्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुकादमबाईच्या मनात ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम टेबलापाशी जाऊन उभी राहिली. टेबल खिडकीखाली होतं. नणंदेनं रुळांकडून आलेली चादर घेतली, दोन कोपरे पकडून फडाककन झटकली, आणि चादर अख्खी उजेडात पसरली. मधोमध एक लांबलचक फाट. नणंदेनं भावजयीकडे न बघता चिमटा उचलला आणि स्वतःच्याच दोरीवर लावला.

मुकादमबाई मागे वळली. पिळायच्या मशीनपाशी चादर म्हणजे ओला गोळा. ढकलगाडीत गोळ्यावर गोळा. रुळांपाशी नुसती कड हातात आणि वाफ अशी की शेजारणीचं नाक दिसू नये. म्हणजे धुलाईत घातल्यापासून चादर अख्खी उघडी होते ती या टेबलावर, पहिल्यांदा. मग फाट दिसणार कुठे? इथेच! कुठेही फाटू दे, दिसणार इथेच.

ती तशीच धाकट्या मालकिणीकडे गेली. "बाईसाहेब, आपण फाटण्याची जागा मोजतच नाही. आपण दिसण्याची जागा मोजतोय."

भोपूनं ऐकलंच. "वा! वा! घरचं माणूस निघालं की मोजणी खोटी. माझ्या दोरीवर असते तर खरी होती ना?"

आता हे झोंबलं, कारण खरं होतं. भोपूच्या दोरीवर चिमटे असते तर तिनं खिडकी बघितलीच नसती.

धाकट्या मालकिणीनंही पडेल चेहरा केला. "माझीच चूक. मी दोऱ्या बांधल्या, पण चादर कुठे उघडते ते बघितलंच नाही. बाईंचं म्हणणं खरं असेल किंवा नसेल. भांडायला नको. माणसं बदलून बघू."

म्हणून मग एका रूळवालीला टेबलावर उभं केलं आणि नणंदेला रुळांवर. रूळवालीनं पहिल्याच दिवशी रडायचं तेवढं बाकी ठेवलं. "मी हात तरी लावला का हो? माझ्या दोरीवर का?" चिमटे टेबलावरच. माणूस बदललं, दोरी तशीच वाकलेली.

"टेबलच पनवती आहे," भोपू म्हणाला.

"तुझ्या तोंडाला एक चिमटा लावते," नणंद रुळांवरून ओरडली.

मग मुकादमबाईनं खरी मेहनत काढली. प्रत्येक जागी एक ट्यूबलाइट टांगली. दर ढकलगाडीमागे थोड्या चादरी काढायच्या आणि दोघांनी धरून तिथल्या तिथे पसरून बघायच्या, पुढच्या जागी द्यायच्या आधी. काम मंदावलं. मालक दिवसातून दोनदा येऊन घड्याळ दाखवायचा. मुकादमबाई त्याला चादरीचं दुसरं टोक धरायला लावायची. मग तो यायचा बंद झाला.

धुलाईच्या मशीनमधून काढलेल्या चादरी बहुतेक धड होत्या. पिळायच्या मशीनमधून काढल्या आणि पसरल्या, तर त्यात भोकं. मोठी नाहीत, वालाच्या दाण्याएवढी. नुसतं बघून लक्षात येणार नाहीत अशी. पण तीच चादर रुळांनी गपकन ओढली, की त्या भोकाची वीतभर फाट व्हायची. चिमटे हळूहळू सरकले. घडीच्या टेबलावरून उठून भोपूच्या दोरीवर जाऊन बसले.

सगळे भोपूकडे बघायला लागले. मुकादमबाईला, खोटं कशाला बोला, आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना!

भोपू पहिल्यांदाच हळू बोलला. इतका हळू, की लोक पुढे सरकले. "बाई, मी ओढतो कशानं?"

त्याच्या हातात हूक होता. लोखंडी, पुढे वाकवलेला, लाकडी मुठीचा. पिळून झालं की चादरी मशीनमध्ये एकमेकींना विळखे घालून बसतात, हातानं ओढताना मनगटं निखळतात. म्हणून तो हूक.

"आणि हा मला दिला कुणी?"

दिला होता मुकादमबाईनंच. त्याचीही एक कथा होती. काही वर्षांपूर्वी पिळायच्या मशीनवर भोपू नव्हता, नणंद होती. ओल्या चादरी ओढून ओढून तिची मनगटं सुजली. पेला धरवेना. ती घरात कुणाला बोलली नाही, पण भावजयीनं बघितलं, आणि स्वतः लोहाराकडे बसून हूक घडवून आणला. पुढे नणंद टेबलावर गेली, पण हूक राहिला. मालकानं तेव्हा कौतुक केलं होतं. पाहुणे आले की मुकादमबाई तो हूक दाखवायची. तिच्या कारकिर्दीतली तीच एक मिरवायची वस्तू.

तिनं हूक हातात घेतला. टोकावर अंगठा फिरवला. झिजून धार आली होती.

आता जुनी मुकादमबाई असती तर म्हणाली असती, हूक चांगलाच आहे, धरणारा वाईट. ओठांवर आलंही असेल. पण महिनाभर रोज दोरीपुढे उभं राहून जिभेला एक खोड लागली होती. ती म्हणाली, "मोजून बघू."

सकाळी हूक, दुपारी हात. दुपारचे चिमटे अगदीच तुरळक. त्यावर भोपूच म्हणाला, "थांबा, दुपारी माल हलका येतो, म्हणूनही असेल. उद्या उलटं करू." धाकटी मालकीण त्याच्याकडे बघतच राहिली. उलटं केलं. सकाळी हात, दुपारी हूक. चिमटे हुकाच्या मागे मागे गेले, जसं काही त्यांना वास येत होता.

महिनाअखेर मालक आला. "बाई, नाव सांगा."

सगळे जमले होते. मुकादमबाईनं कमरेची कारखान्याची चावी काढून टेबलावर ठेवली. "हूक फाडतोय. हूक माझा. वापरायचा हुकूम माझा. ज्याच्या दोरीवर चिमटे तो घरी, हे शब्दही माझेच. घ्या नाव."

मालक गोंधळला. त्याला एखादा भोपू हवा होता, त्याच्या हाती मुकादम आली. त्यानं सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "बाबा, या गेल्या तर उद्यापासून मोजणार कोण?"

मालक काही बोलायच्या आत नणंद पुढे झाली. एप्रनला हात पुसत, अगदी अदबीनं. "मालक, एक सांगू? बाई आपल्याकडे असतात म्हणून मला घरात शांतता मिळते. यांना चोवीस तास घरी बसवलंत, तर मी राहू कुठे?"

मालकाला हसू फुटलं, आणि मालक एकदा हसला की त्याला कुणाला घरी पाठवता येत नाही. चावी त्यानं परत सरकवली.

पण मुकादमबाईनं लगेच उचलली नाही. "एक महिना पिळायच्या मशीनवर मी उभी राहते. हातानं. भोपूनं ढकलगाडीवर जावं. कसं ओढलं की दुखत नाही आणि फाटत नाही, ते मला बघू द्या."

"बाई, हात जातील," भोपू म्हणाला.

"जातील तर मोजू."

हूक भंगारात गेला. मुकादमबाई महिनाभर ओल्या चादरी ओढत राहिली. थोड्या थोड्या घातल्या तर गुंता कमी होतो, हे तिला कळलं. एकाच माणसाला दिवसभर तिथे उभं करायचं नाही, आळीपाळीनं करायचं, हेही कळलं. पण हे कळेपर्यंत मनगटं सुजायची ती सुजलीच. एका संध्याकाळी जेवताना तिच्या हातून पेला निसटला. नवऱ्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. नणंद उठली, कपाटातून एक जुनी पट्टी काढली, कोमट पाण्यात भिजवून आणली आणि वहिनीच्या मनगटाला गुंडाळायला लागली. पट्टीची गाठ मारून झाल्यावर नणंद म्हणाली,

"ए वहिनी."

"काय वन्सं?"

"हूक वाईट नव्हता गं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं."

मुकादमबाईनं मान हलवली. डोळ्यांचं काय झालं ते मी बघायला तिथे नव्हतो.

दोऱ्या मात्र अजून आहेत त्या कारखान्यात. आता लोकांना त्याशिवाय करमत नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, नवीन साबण चांगला की जुना, काहीही निघालं की कुणीतरी म्हणतंच, चिमटे आणा. घरीसुद्धा नणंदेनं स्वयंपाकघरात एक दोरी बांधली आहे, भावजयीच्या हातून मीठ जास्त पडलं की चिमटा. भावजय म्हणते, तुम्ही जेवताय तिथे मोजताय वन्सं, पडतंय तिथे मोजा. ते भांडण काही मिटलेलं नाही.

आणि चादरी? कमी फाटतात, पण फाटतात. हूक गेला तरी घडीच्या टेबलावर अधूनमधून एखादा चिमटा लागतोच. मुकादमबाईनं पिळणं तपासलं, रूळ तपासले, गाडीची चाकं तपासली. आता राहिली ती एकच जागा, जिथे तिची दोरी पोचत नाही. चादर कारखान्यात यायच्या आधीच फाटलेली असली तर? मळक्या चादरींचे गठ्ठे कोण उघडून बघणार? हॉटेल म्हणतं आमच्याकडे धड होती, कारखाना म्हणतो आमच्याकडे फाटून आली. आणि परवा मालक पुन्हा नाव विचारत होता, या वेळी त्याचं बोट त्या रूळवालीकडे होतं, टेबलावर अजून तीच असते.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. तुम्ही फिरतीवर असता, चार हॉटेलांत उतरता. कधी रात्री अंगावर ओढताना चादर फाटकी दिसली, तर हॉटेलच्या पोरावर खेकसू नका. सकाळी निघताना त्या फाटीपाशी एक घट्ट गाठ मारून ठेवा. गाठ धुण्यात सुटत नाही. टेबलावर चादर उघडली की दिसेल त्यांना, आणि कळेल की ती आधीच फाटून आली होती. एवढं एक कराल ना?